मयताची फाइल

भादव्यातला कुंद दिवस होता. आभाळ सकाळपासून खाली उतरलेलं, ना ऊन ना पाऊस, वारा तर बंदच. अंगाला घाम चिकटून बसलेला आणि समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावर कावळेसुद्धा गप्प. सोलापुरात असला दिवस उगवला की माणसाला उगीच वाटत राहतं, कुठून तरी वाईट बातमी येणार. मला ती आली. कशी आली आणि मी तिचं काय करून ठेवलं, ते सांगतो. हसायचं तर हसा, मला आता त्याची सवय झाली आहे.

माझी सून सुरेखा घरी बसून कॉम्प्युटरवर चादरीची डिझाइनं काढते. पूर्वी माणसं चौकटीच्या कागदावर रंगाचे ठिपके भरायची, तेच काम ती पडद्यावर करते. मुलगा पुण्याला कंपनीत असतो. म्हणजे घरात ती, मी, आणि भिंतीवरच्या फोटोत माझी बायको.

त्या महिन्यात एका कारखान्याच्या मालकांनी तिला पहिल्यांदाच मोठं काम दिलं होतं. मोरांची जोडी, काठासकट, दिवाळीच्या मालासाठी. हे पसंत पडलं तर पुढचं सगळं काम तुमच्याकडेच, असं मालकांनी सांगितलेलं. पोरगी महिनाभर त्या मोरांच्या पिसांत मान घालून बसली होती. त्या कुंद दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी ते मालकांना द्यायचं होतं.

सकाळी ती सुताचे रंग बघायला एमआयडीसीत निघाली. कॉम्प्युटर चालूच होता, त्याचं काहीतरी काम आत चाललेलं. जाताना मला म्हणाली, "मामा, कशाला हात लावू नका. ओळखीच्या नावानं फाइल आली तरी उघडायची न्हाई. आन वर पिवळी पट्टी दिसली तर तिथलं बटण दाबायचंच न्हाई. आधी त्या माणसाला फोन करून इचारायचं, तूच पाठवली का म्हणून."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी कधीच कुणाला कमी पडलेलो नाही.

ती गेली आणि थोड्या वेळाने कॉम्प्युटर टुंग करून वाजला. बघतो तर कोपऱ्यात नाव, नामदेव. नामदेव म्हणजे माझा सख्खा भाचा. सांगोल्यात डाळिंबाचा व्यापार करतो. सुरेखाने मला कीर्तन लावायला शिकवलेलं आहे, तेवढ्या विद्येवर मी त्या नावावर दाबलं.

मी अक्षराला अक्षर लावून वाचतो. सावकाश. त्यामुळे ती बातमी मला एकदम कळली नाही, तुकड्या-तुकड्याने कळली. 'आमच्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे दुःखद निधन झाले. माहिती सोबतच्या फाइलमध्ये पाहावी.'

नामदेवाच्या घरात वडीलधारं माणूस एकच. त्याची आई. माझी आक्का.

मला कडेवर घेऊन रानात फिरवलेली बहीण ती.

आता सुरेखाने सांगितलं होतं, आधी फोन करून विचारा. पण तुम्हीच सांगा, काय विचारायचं? नामदेवा, तुझी आई खरंच मेली का रे? आणि आक्कानेच फोन उचलला तर? तिला काय म्हणू, तू आहेस का अजून? आमच्यात हे कोणी विचारत नाही. खरं असलं तर जखमेवर बोट, खोटं असलं तर शाप. जीभच उचलत नाही.

म्हणून मी फाइल उघडली. माती कधी देणार तेवढं कळलं असतं तर सांगोल्याची एसटी धरता आली असती.

आत सगळं धुक्यासारखं. अक्षरं पुसट, एकही लागेना. आणि मध्ये ठळक मराठीत लिहिलेलं, 'मजकूर दिसण्यासाठी कृपया वरील पट्टीतील बटण दाबावे.' वर बघितलं, तर पट्टी पिवळी.

सुरेखाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण मनात म्हटलं, ते सगळं चोरांच्या फायलींचं. मयताच्या घरातून चोर कशाला येईल? आणि इतक्या आदराने 'कृपया' म्हणून मला आजवर कोणी काही सांगितलेलं नाही, बँकेतसुद्धा. दाबलं बटण. काही दिसलं नाही. मी घाई करणारा माणूस नव्हे, थोडं थांबून परत दाबलं. मग ते इंग्रजीत एकेक विचारायला लागलं आणि मी सगळ्याला होकार देत गेलो. दुःखाच्या वेळी नाही कशाला म्हणायचं? शेवटी पडदा काळा पडला आणि कॉम्प्युटरचा डबा आतून घरघर करायला लागला. मला वाटलं, त्यालाही वाईट वाटलं असावं.

मयताची बातमी कानावर आली की आंघोळ करायची. मी धोतरासकट डोक्यावरून गार पाणी ओतून घेतलं, गॅसवरचा चहा मोरीत ओतला, आणि ओल्या अंगाने पुढच्या पायरीवर येऊन बसलो. सुरेखाला फोन केला तर ती उचलेना.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ उतरले, हातात हार. सुरेखाच्या कारखान्याचे मालक. मी त्यांना एकदा लांबून बघितलेलं, त्यांनी मला कधीच नाही. मला भरून आलं. माझ्या बहिणीसाठी एवढा मोठा माणूस आला.

ते शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कधी झालं?"

"कळलं न्हाई अजून. फाइल दिसंना."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "आजारी वगैरे?"

"छ्या. परवापतुर शेरडं राखत फिरत हुती."

सुरेखाताईंचे सासरे गेल्याचं ऐकून आलेला माणूस, त्याला मी शेरडांचं सांगतोय. हे मला नंतर कळलं. त्या वेळी ते एवढंच म्हणाले, की फोटो कुठे ठेवलाय, हार घालतो. मी म्हटलं, फोटो सांगोल्याला आहे. मग ते हार हातात धरून तसेच बसले. आणखी दोन-चार माणसं आली, तीही खाली मान घालून उभी राहिली.

मग शेजारची नरसम्मा आली. तिचा मुलगा माग चालवतो, सुरेखाकडूनच डिझाइन घेतो. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी भाकरी करून नेतात, तशी ती पिठलं-भाकरीचं ताट पदराखाली घेऊन आली. मला बघितलं आणि तिथंच थबकली.

"काका, तुमी हितं बसलाय व्हय?"

"मग कुटं बसू?"

"आवो, तुमी मेलाय की."

तिच्या मुलाच्या फोनवर सुरेखाच्या नावाने निरोप आला होता. आमच्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे दुःखद निधन झाले. तोच निरोप मालकांना, तोच बाकीच्यांना. मी बटण दाबलं, आणि त्या फायलीने सुरेखाच्या ओळखीतल्या एकूण एक माणसाला आमच्या घरचं सुतक कळवलं. आणि आमच्या घरातलं वडीलधारं माणूस मी.

मालकांनी हातातल्या हाराकडे बघितलं, मग माझ्या गळ्याकडे. मी गळा जरा मागे घेतला.

एवढ्यात सुरेखाची स्कूटी आली. वाटेत तिला सगळ्यांचे फोन, सासरे गेले म्हणून. रडून रडून डोळे लाल झालेले. माझा ओला हात धरून बघितला, गरम आहे का. आहे म्हटल्यावर तिचं रडणं थांबलं. मग तिने एकच विचारलं, "मामा, पिवळी पट्टी?"

मी मान हलवली.

ती आत गेली आणि परत रडण्याचा आवाज आला. हे रडणं निराळं होतं. मी मेलो म्हणून रडली त्यापेक्षा जास्त दुखावलेलं. सगळ्या फायलींना कुणीतरी बाहेरून कुलूप घातलेलं, नावं बदललेली, एकही मोर उघडेना.

तरी पोरगी सावरली. आधी इंटरनेटची वायर उपसली, मग बाहेर येऊन जमलेल्या माणसांना हात जोडून म्हणाली, कोणी ती फाइल उघडू नका, उघडली असंल तर आत्ताच सांगा. मयताला आलेली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मालक म्हणाले, "मी न्हाई बुवा उघडली. मयताचं वाचत काय बसायचं? कळलं की उठून यायचं."

खरं सांगतो, तेवढं मलाही माहीत होतं. उठून एसटी धरली असती तर काही झालं नसतं.

सुरेखाने जुनं काम एका पेनड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवलेलं होतं. त्यात मोरांची अंगं सापडली. पिसारा आणि काठ गेले. महिनाभराचं बारीक काम तेवढंच होतं. मालक म्हणाले, पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो, माग रिकामे ठेवता येत नाहीत. पुढच्या कामाचं विचारल्यावर म्हणाले, बघू. सुरेखाला त्या 'बघू'चा अर्थ कळला, मलाही कळला.

मग तिने सांगोल्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. नामदेवाच्या कॉम्प्युटरलाही त्याच फायलीने धरलेलं, त्याला पत्ताच नव्हता. फोन आक्कानेच घेतला. तिला सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हाय का मेले, ते इचारायला लाजलास. आंघुळ मातर लगीच केलीस. जित्या बहिणीला कितींदा फोन करतोस रं?" आणि ठेवून दिला.

माणसं एकेक करून गेली. मालक हार घेऊन आले होते, घेऊनच गेले. सुरेखा मला एक शब्द बोलली नाही. एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर बसायला पेनड्राइव्ह घेऊन निघून गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पायरीवर मी आणि नरसम्मा राहिलो. तिने ताटावरचं फडकं काढलं, ताट माझ्यापुढे सरकवलं, आणि म्हणाली,

"खावा काका, तुमच्याच नावानं केलंय. आन एक ध्यानात ठिवा, खरंच जाल तवा कुणाला तरी आमच्या दाराची कडी वाजवाय लावा. तुमच्या घरनं फाइल आली तर आता हितं कोण उघडणार न्हाई, आन तुमी आपलं तसंच पडून ऱ्हाल."