कासिल्दाने पत्करलेला बोल

आमच्या गावात यादवीच्या गोष्टी पुरुष सांगतात: कोण कोणत्या बाजूला होता, कोणाला कुठे गोळी घातली. त्यांत कासिल्दाचं नाव येत नाही. ती माझी शेजारीण, म्हणून मी लिहिते.

तिचा नवरा फेर्मीन हरलेल्या बाजूचा. युद्ध संपलं तेव्हा, तो फ्रान्सच्या वाटेवर मेला असं तिने सांगितलं आणि आपले सगळे कपडे काळे रंगवून घेतले. फेर्मीन तेव्हा तिच्याच घरात, खेचराच्या गव्हाणीमागच्या पोकळीत बसून होता. सापडला असता तर मेलाच असता.

धुण्याच्या कुंडावर बायका एकमेकींची धुणी न्याहाळतात, म्हणून त्याचे सदरे ती घरात धुऊन चुलीपाशी वाळवायची. पण वाढतं पोट कुठे लपवणार?

कुंडावर बासिलिसाने विचारलंच, "काय गं कासिल्दा, फेर्मीन स्वप्नात येतो वाटतं?"

"स्वप्नात कशाला? उन्हाळ्यात कल्हईवाला येऊन गेला ना," कासिल्दा साबण घासत म्हणाली. "हात चांगला आहे त्याचा."

हशा पिकला. तिला तेच हवं होतं. कल्हईवाल्याला हसणाऱ्या बायका गव्हाणीमागे डोकावणार नव्हत्या.

मुलगी झाली, निएवेस. बाप्तिस्म्याला शेजारणी आल्या नाहीत. सख्ख्या आईनेही कासिल्दाला दार लावून घेतलं. पोरीला शाळेत कोणी शेजारी बसवून घेईना. कासिल्दा कल्हईवाल्याचंच नाव सांगत राहिली.

निएवेस लग्नाची झाली, तेव्हा कुठे रेडिओवर हरलेल्या बाजूच्या लोकांना माफी जाहीर झाली. फेर्मीनचा विश्वास बसेना. कासिल्दा आधी सरपंचांकडे जाऊन, दोनदा विचारून आली. मग रविवारी चर्चमधली मिस्सा सुटायच्या वेळी लेकीला आणि नवऱ्याला घेऊन चौकात उभी राहिली. तो मेणासारखा पांढरा, डोळ्यांवर हात धरलेला. त्याचे मोठाले कान आणि निएवेसचे कान एकाच साच्यातले. कोणाला काही विचारावं लागलं नाही.

बासिलिसा रडायला लागली. "अगं, काय काय बोललो आम्ही तुला! एका शब्दाने सांगायचंस तरी!"

"तुला सांगितलं असतं, तर दवंडीवाल्याच्या पोटावर पाय दिला असता मी," कासिल्दा म्हणाली. बासिलिसा रडता रडता हसली.

संध्याकाळी फेर्मीन दाराबाहेर खुर्ची टाकून बसला होता. आतून कासिल्दाची हाक आली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी: "फेर्मीन! ए फेर्मीन! जेवायला येतोस ना?"

तो केव्हाच उठला होता. तरी तिने आणखी एकदा हाक मारली.