मिस्त्रीकाकांची गोटी

नवा फ्लॅट बघायला गेलेला माणूस आधी खिडकीपाशी जातो. मिस्त्रीकाका जात नसत. ते दारात चपला काढायचे, हॉलच्या मधोमध उकिडवे बसायचे आणि सदऱ्याच्या खिशातून काचेची एक हिरवी गोटी काढून फरशीवर ठेवायचे. नुसती ठेवायचे, ढकलायचे नाहीत. गोटी जागच्या जागी राहिली तर "हं." पळाली तर मान वळवून ती कुठं जाऊन थांबते ते बघत बसायचे, आणि साइटवरचा विक्रीचा माणूस रुमाल शोधायला लागायचा. एकदा एक नवखा पोरगेला एजंट त्यांना हसून म्हणाला, "काय पावणं, गोट्या खेळायला आलाय व्हय?" काका शांतपणे म्हणाले, "मी न्हाय. तुमची फरशीच खेळाय लागलीया." ते घर तिथंच नापास झालं.

काकांचा जन्म गवंडीकामात गेला. पुढं गुडघे बोलायला लागले, परांचीवर चढणं बंद झालं, आणि मग लोक त्यांना घर बांधायला नाही तर घर बघायला न्यायला लागले. शाळेतले शिक्षक, बँकेतले शिपाई, दूधवाला, कुणीही. आयुष्याची पुंजी घालायची म्हणजे माणूस घाबरलेला असतो, त्याला आपल्या बाजूचं कुणीतरी लागतं. काका कुणाकडून काही घेत नसत. येताना रस्त्यात एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. त्यांचा निकालही एकाच शब्दात असायचा, "घ्या" किंवा "नगा". "घ्या" म्हटल्यावर लोक निर्धास्त होऊन पेढे आणायला जायचे.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एकाच घरमालकाकडं आम्ही दोन भाडेकरू होतो. पुढच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा सुहास, मागच्या दोन खोल्यांत मिस्त्रीकाका आणि आक्काताईकाकू. मधे एक फरसबंदी चौक आणि सामाईक नळ. मी शाळेत शिकवते, म्हणून दोघंही मला "बाई" म्हणायचे. काका माझ्या वडिलांच्या वयाचे होते, पण मला कधी "अगं" म्हणाले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी मीही हौसेनं त्यांच्याबरोबर साइटवर जायची. पाच रुपयाच्या नाण्यानं ते एकेक टाइल वाजवायचे. आवाज पोकळ आला की खाली सिमेंट भरलेलं नाही. मग मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते जाळीकडं जातं की दाराकडं येतं ते बघायचे. शेवटी कापडी पिशवीतून ओळंबा निघायचा. दोऱ्याला बांधलेलं ते लोखंडी वजन भिंतीशेजारी स्थिर झालं, की काकाही स्थिर व्हायचे. कळंब्याच्या बाजूला एका साइटवर एजंट पाचव्या मजल्यावरून तलाव दाखवत होता. काकांनी त्याला बोटानं पलीकडच्या तुरुंगाची भिंत दाखवली. "ती बघा. कवाची हाय, अजून ओळंब्यात हाय. आतल्या कुणाची तक्रार न्हाय." एजंटला हसावं की रडावं कळेना.

आणि हा माणूस स्वतः भाड्याच्या खोलीत राहत होता.

आक्काताईकाकूंचं माहेर कुरुंदवाडचं. लहानपणी नदी फुगली की त्यांच्या घरात सामान माळ्यावर चढायचं, पाणी आणखी वाढलं की गाडीत भरून शाळेत जायचं. लग्न झाल्यावर वाटलं सुटलो. पण इथं नदीच्या जागी घरमालक आले. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुणी जागा विकली, कुणाला मजला चढवायचा होता, आणि दर वेळी यांनी बोचकी बांधली. आमच्या चौकात आल्या ते त्यांचं सातवं बिऱ्हाड होतं. त्यांच्या कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक असायची. तीत लग्नातले पितळेचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते आणि त्यांनी स्वतः विणलेलं, पांढऱ्या दोऱ्याचं, लाल मणी ओवलेलं तोरण. मी एकदा म्हटलं, "काकू, दिवाळीला तरी लावा की." त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या दाराला कशाला? आपल्या दाराला लावायचं." असं म्हणून त्यांनी ते परत घडी घालून ठेवलं.

पैशाची अडचण होती असं नाही. काका निर्व्यसनी, काटकसरी, मुलगी लग्न होऊन कुरुंदवाडातच नांदत होती. दर दोन-चार महिन्यांनी नवराबायको नवे कपडे घालून फ्लॅट बघायला जायचे आणि उन्हं उतरायच्या आत परत यायचे. एका घराची भिंत ओळंब्याच्या बोटभर बाहेर होती. एका घराचा कोपरा काटकोनात नव्हता. एका जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या, एका ठिकाणी गिलाव्यात माती दिसली. चौकात चपला काढता काढता काकू दर वेळी तेच म्हणायच्या, "असू दे की. घर हाय." काका म्हणायचे, "बोट ठेवायला जागा असंल तर ते घर तुझ्यासाठी न्हाय." आम्हाला तेव्हा ते ऐकून फार छान वाटायचं. बायकोला ताजमहालच बांधतील म्हणून सुहास त्यांना चिडवायचा, आणि काका लाजायचे.

या हट्टाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी त्यांनी बांधलेल्या एका घराचा स्लॅब पहिल्याच पावसात गळला. घाई मालकाची होती, पण थापी यांच्या हातात होती. घरची बाई नव्या स्वयंपाकघरात पातेली मांडत रडत होती, आणि यांना बघून म्हणाली, "तुमच्या बायकोवर अशी वेळ येऊ दे, म्हणजे कळंल." काका मला म्हणाले, "बाई, तळतळाट असतोय बघा. तवापासनं ठरवलंय, हिला घर द्यायचं तर बिनखोटीचं द्यायचं."

आमचा फ्लॅटही त्यांनीच पास केला. कळंब्याच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसतो. गोटी थांबली, भिंती ओळंब्यात निघाल्या, पण मोरीत ओतलेलं पाणी सरळ दाराकडं आलं. माझा चेहरा पडला. काका म्हणाले, "त्यात काय एवढं? चार टाइल काढून ढाळ बदलून देतो. अर्ध्या दिवसाचं काम. घ्या." आणि ताबा मिळाल्यावर गुडघ्याला फडकं बांधून त्यांनी स्वतः ते काम करून दिलं.

वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर काकू माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. ओट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हितं मी डबं मांडणार होतो." कोल्हापूरकडच्या जुन्या बायकांसारख्या त्याही "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या. मला आधी उमगलं नाही. मग त्या सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या, "तुमच्या आदी आम्हीच बघिटलंतं हे घर. मला तर लई आवडलंतं. खिडकीत उभारल्यावर तळं दिसतंय की."

"मग का नाही घेतलं?"

"ती मोरी. पानी दाराकडं येतंय म्हणून नगो म्हटलं त्यांनी."

"अहो, पण ते तर त्यांनी अर्ध्या दिवसात नीट केलं!"

"लोकांचं करत्यात की," काकू म्हणाल्या. "माझ्या घरात मुळातच खोट नगो त्यांना. बाई, मला सरळ भिंती कधी नगोच हुत्या. माझ्या हव्या हुत्या. पर ते गोटीला इचारत्यात. मला कुणी इचारलंय?"

एवढं बोलून त्या हसल्या आणि प्रसादाची भांडी घासायला बसल्या. मी मात्र माझ्याच नव्या घरात चोरासारखी उभी होते.

दुसऱ्या आठवड्यात मी पेठेत जाऊन काकांशी भांडले. भांडले हाच शब्द खरा. म्हटलं, आमच्या घराची खोट तुम्ही माफ केलीत, तिच्या घराची का नाही? एकदा तिला विचारा तरी. काका ओळंब्याचा दोरा बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. ह्या पावसाळ्यात बघतो." पावसाळ्यात बघतो म्हणजे गळतं का ते बघतो, हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं, आणि पुन्हा जाऊन बोलायचा मला कंटाळा आला. तो कंटाळा मी स्वतःला आजही माफ केलेला नाही.

त्या पावसाळ्यात काकूंच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात भरती करताना मीच बरोबर होते. काउंटरवरच्या मुलीनं पत्ता विचारला. काकांनी नेहमीसारखं सांगितलं, "लिवा, द्वारा..." आणि पुढं घरमालकाचं नाव. व्हीलचेअरवर बसलेल्या काकूंनी मान भिंतीकडं वळवली. मिस्त्रीकाकांनी ते पाहिलं. आयुष्यभर भिंती वाचणाऱ्या त्या माणसाला बायकोचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा वाचता आला असावा, कारण त्यांनी पेन माझ्याकडं सरकवलं आणि सही मला करावी लागली.

मग मात्र त्यांनी धावाधाव केली. चार दिवसांत आमच्याच गल्लीतला तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट बघून, हो-नाही न करता दवाखान्यात आले. कॉटच्या कडेला बसून म्हणाले, "आक्का, ठरीवतोय बघ. उद्या इसाराचं पैसं देतो. बरी झालीस की थेट तिकडंच न्यायचं तुला." काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "आता नगो," त्या म्हणाल्या. "आता आनी एकदा सामान बांधायची ताकद न्हाय मला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर काकांना सोसला असता.

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. त्यांना आणलं ते पेठेतल्या त्याच चौकात, आणि तिथूनच नेलं.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी म्हणाली, "आबा, चला आता कुरुंदवाडला." काका म्हणाले, "येतो. एक काम ऱ्हायलंय." आणि जाऊन त्यांनी तोच फ्लॅट घेतला. बरोबर कुणी नव्हतं, पिशवीत ओळंबा नव्हता. वास्तुशांतीला मुलगी आणि जावई पूजेला बसले. दारावर पितळी पाटी होती, तिच्यावर काकूंचंच पूर्ण नाव आणि खाली पत्ता. त्यात कुठंही "द्वारा" नव्हतं. काकांनी ट्रंक उघडून डबे एकेक करून काढले, पिवळी पडलेली वर्तमानपत्रं बाजूला ठेवली आणि डबे ओट्यावर ओळीनं मांडले. मग स्टुलावर चढून स्वतः तोरण बांधलं. कुठल्याही दाराचं माप न घेता विणलेलं ते तोरण त्या चौकटीला बोटभर कमी पडलं. आम्ही सगळे काकांकडं बघत राहिलो. काका स्टुलावरून उतरले, मागं सरून त्यांनी ते पाहिलं आणि स्टूल उचलून आत ठेवलं.

जेवणं झाल्यावर सुहासनं नको ते विचारलंच, "काका, गोटी टाकली का?" मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण काकांनी खिशात हात घातला. हॉलमध्ये उकिडवे बसले आणि गोटी ठेवली. ती क्षणभर थांबली, मग निघाली, हॉल ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालच्या भिंतीला टेकून थांबली. एवढा ढाळ मी त्यांच्याबरोबर हिंडताना कुठल्याच घरात पाहिला नव्हता. काका उठले नाहीत. वरच्या पितळी डब्यांकडं बघत म्हणाले, "असू दे की. घर हाय." आणि मग तो म्हातारा माणूस आम्हा सगळ्यांसमोर ओंजळीत तोंड घालून रडला.

ते कुरुंदवाडला गेलेच नाहीत. दोन वर्षं त्या घरात राहिले. रोज सकाळी डबे चिंचेनं घासायचे आणि संध्याकाळी दार उघडं टाकून उंबऱ्यापाशी बसायचे. कुणी फ्लॅट बघायला चला म्हटलं तर म्हणायचे, "बाईंना न्या." गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. मुलीनं आवराआवर करताना ती हिरवी गोटी माझ्या हातात ठेवली.

परवा आमच्या शाळेतली एक नवी शिक्षिका आणि तिचा नवरा यांच्याबरोबर मी असंच एक घर बघायला गेले. हॉलमध्ये गोटी ठेवली, तर ती हळूहळू बाल्कनीकडं निघाली. नवऱ्यानं लगेच कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. त्याची बायको आत स्वयंपाकघरात होती, ओट्यावर वितीनं काहीतरी मोजत होती. मी दारातून विचारलं, "तुला आवडलं का गं?" ती दचकली, मग नुसती मान डोलावून हसली. मी बाल्कनीत जाऊन गोटी उचलली, पर्समध्ये टाकली आणि त्याला म्हटलं, "घ्या."