लाल हरणाची तपासणी

त्या काळी बंदुकीचा परवाना असला की शिकारीला कुणी हटकत नसे. मी हिंदी मुलखात, पिपलानीच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो, तिथल्याच पेंट शॉपमध्ये रंग तपासायचो आणि रविवारी वडिलांची नागपूरहून आणलेली बंदूक खांद्यावर टाकून जंगलात निघायचो. निघताना बायको विचारायची, "मसाला वाटू, की पिठल्याचीच तयारी करू?" बहुतेकदा पिठलंच व्हायचं. पण जंगलानं मला रिकाम्या हाती कधी पाठवलं नाही. एकदा जवळ ना गाव ना वाट, अशा जागी पायऱ्यांची बारव सापडली. एकदा साळिंदराच्या बिळाशी, गळलेल्या काट्यांमध्ये, एक पितळी पैंजण.

वाट दाखवायला आमच्याच शॉपमधला एक ठेक्यावरचा मजूर यायचा. जवळच्याच गोंड वस्तीतला. शॉपमध्ये तो मला सलाम ठोकायचा, जंगलात मी मुकाट त्याच्या मागून चालायचो.

थंडीतल्या एका सकाळी तितराच्या मागे चढत आम्ही एका मोठ्या कपारीखाली पोचलो. मी वर पाहिलं. दगडावर एक हरीण उभं होतं, लाल रंगात काढलेलं. आणि तो लाल रंग मला घरच्यासारखा ओळखीचा होता.

"हा तर आपला रेड ऑक्साईड!"

आठवड्यापूर्वीच शॉपमधून त्या लोखंडाला मारायच्या प्रायमरचा एक डबा नाहीसा झाला होता. आणि ज्याचं घर इथून हाकेच्या अंतरावर, तो माझ्यासमोर उभा होता. माझं डोकं तापायला तसाही वेळ लागत नाही.

"डिब्बा तूने उठाया ना?"

त्याचा चेहरा उतरला. "नहीं साब. ये तो हमारे दादा के दादा से भी पहले का है."

"कल बड़े साब को बताना."

ठेक्यावरच्या माणसावर चोरीचा आळ आला की त्याला पुन्हा गेटच्या आत पाऊल टाकता येत नसे. त्याला दोन लहान लेकरं होती. हे सगळं ठाऊक असूनही मी खिशातून ब्लेड आणि चिकटपट्टी काढली. रविवारीही ती माझ्या खिशात असायची. आमची तपासणी सोपी होती: रंगावर ब्लेडनं बारीक जाळी कापायची, वर पट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. नुसत्या दगडावर फासलेला ताजा प्रायमर सोलून हातात येणार, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. तो बाजूला उभा राहून माझ्या हाताकडे बघत होता.

ब्लेड घसरलं. मी जोर लावून जाळी कापली, पट्टी दाबली, ओढली. पट्टीवर नुसती दगडाची भुकटी. लाल रंगाचा कणही नाही. मी भिंग काढून डोळा दगडाला लावला. रंगाच्या वर, चहाच्या किटलीत क्षार साचतो तसा, दगडाचाच एक पातळ पापुद्रा चढला होता. म्हणजे रंग आधीचा आणि त्याच्यावर दगड वाढलेला. दगड वाढायला किती पावसाळे लागतात?

मी दोन पावलं मागे सरलो, तेव्हा कुठे सगळं दिसलं. हरणाच्या खालून आणखी फिकट हत्ती डोकावत होते. धनुष्य ताणलेली काटकुळी माणसं धावत होती. हातात हात धरून एक रांग नाचत होती. शिकारीला निघालेली माणसं, माझ्यासारखीच, आणि त्यांना जाऊन किती काळ लोटला ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. मी बंदूक खाली ठेवली. इतका लहान मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

मग मला त्याची आठवण झाली. तो अजून तिथेच उभा होता.

"माफ कर, भाई. गलती मेरी है."

"मेरा क्या, साब. मेरी तो नौकरी बच गई." त्यानं वर बोट दाखवलं. "इसका देखो."

हरणाच्या पोटावर मी कापलेली जाळी पांढरीफटक दिसत होती.