पोळ्यांच्या डब्यातली इटलीची बिस्किटं

मैत्रिणींनो, आज माझी लई फजिती झाली.

माझी पल्लवी इटलीत नोकरीला आहे. मागच्या खेपेला तिनं टोस्टरसारखा एक नक्षीदार साचा आणला होता. त्यात तिकडची पातळ, जाळीदार बिस्किटं भाजतात. पिझेल्ले म्हणतात त्यांना.

यंदा तिला सुट्टी नाय मिळाली. म्हणून आज दुपारी मी एकटीनंच साचा काढला. मैदा, अंडी, साखर, लोणी आणि बडीशेप. आमच्या बजाजनगरच्या दोन खोल्यांत नुसता घमघमाट! गरम बिस्किटं फडक्यात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात ठेवली आणि तिला व्हिडिओ कॉल लावला.

ऐटीत डबा उघडला, तर सगळी बिस्किटं लुळी पडलेली!

पल्लवी हसून बेजार. "अगं आई, उघड्यावर गार झाली की कडक होतात ती. झाकून कशाला ठेवलीस?"

"सवय गं. तू कॉलेजातून येईपर्यंत पोळ्या गरम राहाव्यात म्हणून अशाच झाकायचे ना."

तिचं हसू थांबलं. मग हळूच म्हणाली, "तसलंच मऊ एक खा, माझ्या वाटणीचं."

खाल्लं.

तुम्ही पण अजून कुणाच्या वाटणीचं झाकून ठेवता का गं?