पुरे म्हणेपर्यंत

दुखऱ्या खांद्याला मोहाचं तेल चोळलं की लांजीच्या जत्रेतला लाकडी पाळणा आठवतो, कारण त्याच्या आसालाही हेच तेल असायचं. आमच्या गावचा एक म्हातारा तो हातानं फिरवायचा, आणि बसलेल्यानं ‘पुरे’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही, ही त्याची रीत. त्या वर्षी आम्ही चार मैत्रिणींनी ठरवलं, कोणीच पुरे म्हणायचं नाही. भज्यांचा धूर वरपर्यंत येत होता, धान कापलेल्या शेतांच्या बांध्या लांबवर दिसत होत्या, आणि खाली म्हाताऱ्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. “झालं का वं पोरीहो?” त्यानं दोनदा विचारलं. “नाही बाबा, आणखी!” मग पाळणा अडखळला. म्हातारा खांदा धरून खाली बसला. त्याची बायको धावत आली, “थांबले काहून नाही जी?” तो म्हणाला, “पोरी पुरे नाही म्हनल्या ना.” पुढल्या जत्रेत त्या जागी इंजिनावरचा लोखंडी पाळणा होता. जमाना बदलला म्हणून लाकडी पाळणा बंद पडला, असं लोक म्हणायचे, पण खरं कारण आम्हा चौघींना माहीत होतं. आता घरची सगळी जेवायला बसतात, मी याच दुखऱ्या खांद्यानं वाढत राहते, आणि कोणीतरी पुरे म्हणेल म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघते.