दक्षाचं उत्तर

झरीजवळच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. एवढ्या वर्षांत उत्तर सांगून झाल्यावरही "पण का?" विचारणारी एकच पोर भेटली, ती दक्षा, बायजीची धाकटी. तिच्या प्रश्नांनी मी कितीदा वैतागलो असेन. पुढं तिनं हैदराबादला भूभौतिकीत डॉक्टरेट मिळवली, तेव्हा मात्र "माझी विद्यार्थिनी" म्हणून मीच गावभर मिरवलो.

तिचं काम भूकंप आणि त्सुनामीचं. समुद्रापलीकडच्या मकरानच्या किनाऱ्याजवळ तळाशी मोठा भूकंप झाला, तर लाट आपल्याकडं किती वेळात येईल, याचं गणित ती बारा वर्षं मांडत होती. सुट्टीत आली की किनाऱ्यावरच्या आगर गावाला जायची आणि मच्छीमार होड्या किती वेळात वर ओढतात, ते घड्याळ लावून बघायची. लाटेला यायला काही तास लागतात, तेवढ्यात माणसं हलवता येतात. म्हणजे लोकांना द्यायला तिच्याकडं नेहमी उत्तर असायचं. त्या सवयीनंच घात केला, असं मला आता वाटतं.

२०१८च्या नोव्हेंबरात आमच्याच पायाखालची जमीन हलू लागली. कधी दिवसातून एकदा, कधी पाच-सहादा. पाड्यांवरचे लोक घरं सोडून प्लास्टिकच्या तंबूत राहू लागले. दक्षा यंत्रं बसवायला आली. तोवर थंडीनं पोरं तापानं फणफणत होती, म्हातारी माणसं खोकून बेजार झाली होती. त्यात दक्षाची आई बायजीही होती.

जानेवारीत शाळेच्या पटांगणात सभा भरली. प्रश्न मीच विचारला. "दक्षा, मोठा धक्का येणार की नाही, एकदाचं सांगून टाक."

ती हातातले कागद चाळू लागली. माझा स्वभाव उतावळा. मी म्हणालो, "अगं, मग एवढी शिकलीस कशाला?"

तिनं खोकणाऱ्या आईकडं पाहिलं आणि म्हणाली, "छोट्या धक्क्यांनी जमिनीतला ताण निघून जातोय. घरात जायला हरकत नाही."

हे खरं नव्हतं आणि तिला ते ठाऊक होतं. एका मोठ्या धक्क्याएवढी ताकद बाहेर पडायला असले हजार छोटे धक्के लागतात, हे तिनंच मला नंतर सांगितलं. पण त्या दिवशी टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जोरात मी वाजवल्या. संध्याकाळपर्यंत तंबू रिकामे झाले.

नवव्या दिवशी दुपारी धक्का बसला. तिचा चुलता शुक्रा जेवून घरात आडवा झाला होता. कुडाची बाजू नुसती हलून तशीच उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी हौसेनं बांधलेली विटांची भिंत मात्र त्याच्या अंगावर आली. तो जागीच गेला.

पाड्यावर कोणी दक्षाला बोल लावला नाही. मला तर लोक अजूनही वाकून नमस्कार करतात आणि मला त्याची लाज वाटते. दक्षा रोज चुलतीच्या, हिराबाईच्या, दारात येऊन बसायची. एके दिवशी मी तिथं असताना ती म्हणाली, "काकी, मोठा धक्का येईल की नाही, मला ठाऊक नव्हतं. तरी बोलले."

हिराबाई तांदूळ निवडत होती. "ठाऊक नव्हता, तं तसाच सांगायचा ना, बाय," ती म्हणाली. "आमाला तरी काय ठाऊक असते? पाऊस कवा थांबल, ठाऊक नाय, तरी भात लावताव. तुझा काका तंबूत राहला असता. त्याला तुझ्यावर भरवसा होता."

दक्षा रडली नाही. मला मात्र तिथं बसवेना.

महिनाभरात तिनं मकरानचं काम दुसऱ्याच्या हाती सोपवलं आणि इथंच राहिली. पुढच्या सभेत ती म्हणाली, "पुढचा धक्का कधी येईल, केवढा येईल, मला माहीत नाही. जगात कोणालाच माहीत नाही."

मला वाटलं, आता लोक उठून जातील. तेवढ्यात म्हाताऱ्या चिमणनं विचारलं, "मग कंच्या भिंतीपाशी निजू नये, ता तरी ठाऊक हाय का?"

"ते माहीत आहे," दक्षा म्हणाली. "घरोघर येऊन दाखवते."

मागच्या बाजूला बसलेली हिराबाई उठली. "माझ्या घरापासून चल," ती म्हणाली. "विटांची एक भिंत अजून उभी हाय."