लेंड्या कुठं वाहून गेल्या

भूगोल शिकवण्याचा पगार मी घेतला, पण गावचा भूगोल खरा कळला होता तो गुंडाप्पाला, आणि त्यानं शाळेची पायरीही चढलेली नाही. हे कबूल करायला मला नऊ वर्षं लागली, म्हणून आधीच सांगून टाकतो.

सास्तूरपासून थोडं पुढं आमचं गाव. गावाच्या डोक्यावर मोठा माळ. माळाच्या उत्तरेला पडलेला पाऊस तेरणेत जातो, तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. दक्षिणेला पडलेला बेनितुरा नदीच्या वाटेनं कर्नाटकात उतरतो आणि भीमेतून कृष्णेला जातो. ही दोन खोरी मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूनं काढत असे. मधली रेघ आमच्या माळावर नेमकी कुठून जाते, हे ना कुणी मला विचारलं, ना मी कधी शोधलं.

गुंडाप्पा धनगर. पन्नास-साठ मेंढ्यांचा मालक. उन्हाळ्यात शेतकरी त्याच्या मेंढ्या रात्री आपल्या रानात बसवून घेत. लेंड्यांचं खत पडतं, पीक तरारतं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं कल्याणप्पांच्या माळावरच्या रानात आठ रात्री मेंढ्या बसवल्या. मेंढ्या उठल्या आणि त्याच दिवशी वळीव कोसळला. पुढं कल्याणप्पांची ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, आणि दक्षिणेला लागून असलेल्या सोमलिंगची छातीला लागली.

कल्याणप्पा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. त्यांनी पारावर चारचौघांत विचारलं, "मेंढ्या सोमलिंगकडं बसवल्यास व्हय रं?"

"खत वळवानं तिकडं वाहून गेलं," गुंडाप्पा म्हणाला. पण रान तर उत्तरेला उतरल्यासारखं दिसतं. खत चढण चढून सोमलिंगकडं जाईलच कसं? गुंडाप्पानं बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली. "भंडारा बी खोटा उचलतुयास," कल्याणप्पा म्हणाले. सगळे हसले. मी भूगोलाचा मास्तर, मीही हसलो. याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर गुंडाप्पानं गावातल्या एकाही रानात मेंढ्या बसवल्या नाहीत. कळप घेऊन तो लांबच्या गावांना जाऊ लागला.

गेल्या वर्षी गावाला पाणी अडवायचा बांध मंजूर झाला. एकच. माघ सरला की विहीर तळ दाखवते आणि टँकरची वाट बघावी लागते, अशी आमची तऱ्हा. जागा चुकली तर दुसरा बांध मिळणार नव्हता. पाणी समितीचे प्रमुख कल्याणप्पाच. त्यांनी उत्तरेचा ओढा पक्का केला, आणि ग्रामसभेला गायत्री नावाची तरुण इंजिनियर कागद घेऊन आली.

सगळ्यात मागं उकिडवा बसलेला गुंडाप्पा उठला. "ताई, त्या वढ्याला माळाचं पाणी येत न्हाय. त्ये दक्षिणंला जातंय, गावच्या हिरीकडं."

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

"माझ्या लेंड्या तिकडं गेल्या."

सभा हसून लोटपोट झाली. "आला बघा लेंड्यांचा इंजिनेर!" कल्याणप्पा म्हणाले.

गुंडाप्पा खाली बसला नाही. "वळवानंतर म्या जाऊन बघितलं. समद्या लेंड्या सोमलिंगच्या रानाच्या धुऱ्याला रांगंनं लागल्या व्हत्या. तवा सांगितलं, कुणी ऐकलं न्हाय. आता मोजून बघा. खोटा निघालो तर गाव सोडतो."

गायत्री हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माळावर दुर्बीण लावली. मोजपट्टी धरून गुंडाप्पा कल्याणप्पांच्या रानात उभा राहिला, मग सोमलिंगच्या. तिनं वहीत आकडे लिहिले आणि म्हणाली, "उतार दक्षिणेला आहे. फूटभरच. पलीकडच्या टेकडीमुळं डोळ्याला उलटं वाटतं."

"पुन्यांदा मोजा," कल्याणप्पा म्हणाले.

तिनं पुन्हा मोजलं. तेच निघालं. मग कल्याणप्पांनी स्वतः दुर्बिणीला डोळा लावला. त्यांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, तरी बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.

बांध दक्षिणेच्या ओढ्यावर झाला. पावसाळ्यात भरला. यंदा होळी झाली, पाडवा झाला, तरी विहिरीत दोन पुरुष खोल पाणी आणि टँकरचा पत्ता नाही. बायका विहिरीवर मोठमोठ्यानं हसत पाणी भरत होत्या. मला फार बरं वाटलं.

पाडव्याच्या संध्याकाळी कल्याणप्पा त्याच पारावर उभे राहिले. "गुंडाप्पानं भंडारा उचलला व्हता, त्यो खरा व्हता," ते म्हणाले. "खोटं म्या बोललो."

गुंडाप्पानं खांद्यावरची घोंगडी तोंडाला लावली आणि तो हमसून हमसून रडला. मीही डोळे पुसले. कोणी हसलं नाही.

"औंदा माझ्या रानात मेंढ्या बसव," कल्याणप्पा म्हणाले.

"बसवतो की, अण्णा." गुंडाप्पानं नाक पुसलं. "पर वळीव आला तर खत सोमलिंगकडं जाईल."

"जाऊ दे," कल्याणप्पा म्हणाले. "जाताना समद्या गावाला बघू दे."